राजवाड्याचे दार आणि राजवाड्याचे छप्पर



साताऱ्यात नव्याने आलेल्या माणसाने पोवई नाक्यावर "राजवाडा कुठे?" असे विचारले, तर लोक त्याला बसमध्ये बसवून देतात. बस थांबते तिथे तो उतरतो आणि पाहतो तो समोर गोलबाग, गांधी मैदान, खाण्याच्या गाड्यांची चौपाटी, पलीकडे मोती चौकाकडे जाणारी गर्दी. राजवाडा हे आता थांब्याचे नाव आहे, चौपाटीचे नाव आहे, सभेच्या जागेचे नाव आहे. खुद्द वाडा ह्या सगळ्यांच्या पाठीमागे मुकाट उभा असतो. सांगलीची गोष्ट निराळी नाही. तिथेही 'राजवाडा चौक' म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी रहदारी येते आणि मग, आला तर, वाडा येतो.

ह्या दोन वाड्यांविषयी आज आम्ही बोलणार आहोत. त्यांत कोण राजे राहिले ह्याची वंशावळ आपणांस पाठ आहे. ती आम्ही पुन्हा म्हणून दाखवणार नाही. आम्हांला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. ह्या वाड्याचे दार कोणत्या काळी कोणाला उघडे होते? आणि त्याचे छप्पर त्या काळी कोण शाकारीत होता? दाराचा इतिहास लिहिणारे पुष्कळ भेटतात. छपराचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण तो खर्चाच्या वहीत असतो, आणि खर्चाची वही वाचायला कोणाला आवडते?

तेव्हा छपरापासूनच आरंभ करू. आपल्याकडचा वाडा बाहेरून दगडविटांचा दिसतो. पण त्याचा देह लाकडाचा असतो. खांब लाकडाचे, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्याच्यावर मजला आणि सर्वांवर कौलांचे छप्पर. हे छप्पर दर वर्षी मृग निघण्यापूर्वी उघडावे लागते. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा तपासायच्या, कुजलेल्या बदलायच्या आणि कौले पुन्हा बसवायची. ह्यालाच शाकारणी म्हणतात. एक वर्ष ती चुकली तर घर पडत नाही. दोन वर्षे चुकली तरी पडत नाही. म्हणूनच तर ती चुकते! पण एका फुटक्या कौलातून झिरपलेले पाणी भिंतीच्या अंगाने उतरते आणि तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते तिथे जाऊन थांबते. त्या टोकाला वारा लागत नाही, ऊन लागत नाही. ते आतल्या आत कुजते. वरून तुळई ठणठणीत दिसते. एके दिवशी मजला एका बाजूला खचलेला आढळतो आणि लोक म्हणतात, वाडा जुना झाला. वाडा जुना झालेला नसतो, वाड्याची शाकारणी चुकलेली असते. यवतेश्वराच्या पायथ्याशी पाऊस किती पडतो हे सातारकरांना आम्ही सांगायला नको.

आता दाराकडे वळू. १७४९ साली शाहू महाराज निवर्तले आणि त्यानंतर साताऱ्याचे छत्रपती हे नावाचे धनी झाले. सत्ता पुण्यास गेली, छत्रपती किल्ल्यावर राहिले. आणि किल्ल्यावर राहणे व किल्ल्यात अडकून पडणे ह्यांतले अंतर हळूहळू नाहीसे झाले. १८१८ साली आष्टीच्या लढाईत पंचविशीतले प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले, त्याच वर्षी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले, आणि १८१९ च्या तहाने त्यांच्या राज्याच्या सीमा ठरल्या. कारभार पहिली काही वर्षे ग्रँट डफ ह्याच्या हाती होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. १८२२ साली अधिकार महाराजांकडे आले आणि दोन वर्षांनी, १८२४ च्या सुमारास, आपण ज्याला जुना राजवाडा म्हणतो तो उभा राहिला.

ह्या बांधकामातला अर्थ ध्यानात घ्यावा. जो राजा आणि ज्याचे वाडवडील डोंगरावर तटाच्या आत दिवस कंठीत होते, तो खाली गावात येऊन लोकवस्तीच्या मधोमध घर बांधतो. प्रतापसिंहांनी शहरात रस्ते केले, पाणी आणले, छापखाना घातला, मुलांना शिकवण्याची सोय केली, ग्रंथ जमवले, स्वतःची रोजनिशी ठेवली. इंग्रजांनी दिलेले राज्य ते, त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात, हे कबूल करूनही असे म्हणावे लागते की ज्या राजाला गावात राहायचे आहे त्याने करायची ती कामे ह्या पुरुषाने केली. ह्या काळात वाड्याचे दार दरबारी माणसांना, मानकऱ्यांना आणि चाकरांना उघडे होते. कुणबी आत आला तर फिर्याद घेऊन, आणि देवडीपर्यंत. छपराचा खर्च अर्थातच संस्थानच्या वसुलातून, म्हणजे त्याच कुणब्याच्या पिकातून होत होता. ते सांगण्याची पद्धत नव्हती, एवढेच.

ह्याच काळात वेदोक्ताचा वाद पेटला. छत्रपतींच्या घराण्यात धर्मकृत्ये वेदमंत्रांनी व्हावयाची की पुराणोक्त, प्रभूंचा अधिकार काय, ह्यावर साताऱ्यात वादसभा झाल्या, शास्त्री पक्ष घेऊन उभे राहिले. ह्या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूचे एक मोठे नेते होते सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. आज आम्ही ज्या दोन वाड्यांविषयी बोलत आहोत त्यांचे धनी असे एकमेकांसमोर उभे होते, आणि भांडण होते ते कोणता मंत्र कोणाच्या कानांवर पडावा ह्याचे. हे वाक्य श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ह्याच वाड्याच्या पुढच्या एका बिऱ्हाडकरूच्या वेळी त्याची आठवण होईल.

पुढचे सर्वांस माहीत आहे. १८३९ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. १८४७ साली ते तिथेच वारले. त्यांची दाद लागावी म्हणून रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. इकडे गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांच्या काळात जुन्या वाड्याशेजारी नवा राजवाडा पुरा झाला. त्याचे काम इंग्रज इंजिनिअराच्या देखरेखीखाली झाले होते, म्हणजे राजाच्या घरावर रेसिडेंटाच्या घराची सावली पडायला सुरुवात झाली होती. नवा वाडा पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत, १८४८ साली, आप्पासाहेब निवर्तले. त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मानले नाही. संस्थान खालसा झाले. घर तयार आणि घरधनी नाही, अशी स्थिती झाली.

अशा वेळी दोन गोष्टी होऊ शकतात. एक, वाडा पाडून दगड आणि लाकूड विकायचे. महाराष्ट्रात किती वाडे असे सरपणाच्या भावाने गेले ह्याची मोजदाद नाही. दुसरी, नव्या राज्यकर्त्याने तो वापरायचा. साताऱ्यात दुसरी गोष्ट झाली, आणि ती इंग्रजांना ऐतिहासिक वास्तूंचे प्रेम होते म्हणून झाली नाही. त्यांना कचेरी हवी होती. नव्या वाड्यात न्यायाधीश बसू लागले. गंमत पाहा: साताऱ्यात जो अदालतवाडा आहे त्याचे नाव न्यायाचे आणि वापर राजघराण्याच्या निवासाचा, आणि ज्या वाड्याचे नाव राजाचे त्यात भरते अदालत. इमारतींच्या नावांवर विश्वास ठेवू नये तो असा.

कचेरी आली आणि वाड्याचे दार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडले. माण-खटावचा, जावळी-पाटणचा शेतकरी, बांधाच्या भांडणात पिढी घालवलेला, फडक्यात भाकरी बांधून जोत्यावर बसू लागला. पट्टेवाल्याने नाव पुकारले की तो राजाच्या दिवाणखान्यात जाई. त्याला तिथे न्याय मिळाला की नाही हा प्रश्न निराळा आहे. १९४३ पासून पुढे दोन-तीन वर्षे सातारा जिल्ह्यातल्या गावोगाव प्रतिसरकारची न्यायदान मंडळे चालली आणि लोकांनी आपले तंटे तिथे तोडून घेतले, ते काय कचेरीतल्या न्यायावर खूष होते म्हणून? पण दाराचा हिशेब मांडताना हे नोंदवले पाहिजे की राजाच्या काळी जो देवडीत थांबत होता तो आता आत गेला. आणि छप्पर? ते सरकारने शाकारले. दर वर्षी अंदाजपत्रक झाले, मंजुरी आली, मक्ता दिला गेला, कौले बदलली. त्याबरोबर दिवाणखान्यांत पडद्या उभ्या राहिल्या, कोनाड्यांत दफ्तरे आली, नक्षीवर चुना फासला गेला. कलेचे जाणकार ह्याबद्दल हळहळतात. आम्हीही हळहळतो, पण चुन्याखाली नक्षी टिकते, गळक्या छपराखाली टिकत नाही.

जुन्या वाड्यात शाळा आली. आणि ह्या वाड्याच्या सबंध आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस त्या शाळेच्या दफ्तरात लिहिलेला आहे. त्या दिवशी तोफ झाली नाही, नगारा वाजला नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी निवृत्त सुभेदार रामजींच्या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. नोंद क्रमांक १९१४. हा मुलगा १९०४ पर्यंत इथे शिकला आणि पुढे मुंबईस गेला.

श्रोतेहो, मघाचे वाक्य आता आठवावे. ज्या वाड्याच्या धन्याला स्वतःलाच, छत्रपती असून, वेदमंत्र ऐकण्याचा अधिकार सिद्ध करावा लागत होता, त्याच वाड्यात पाऊणशे वर्षांनी अस्पृश्य मानलेल्या जातीचा मुलगा अक्षरे गिरवायला बसला. पण म्हणून टाळ्या वाजवून मोकळे व्हावे असे नाही. साताऱ्यातल्या आपल्या शाळेच्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि ते कोपऱ्यात वेगळे अंथरायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. दार उघडे होते, नळ बंद होता. वाड्याचे दार उघडणे हे काम एका दिवसात, एका हुकमाने होते. त्याच्या आतली दारे उघडायला एक संबंध आयुष्य खर्ची घालावे लागले, आणि ते ह्या मुलाने घातले. पुढे ह्या शाळेला प्रतापसिंहांचे नाव मिळाले. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्य सरकारने २०१७ साली 'विद्यार्थी दिवस' म्हणून ठरवला. राजा आणि विद्यार्थी, दोघांची नावे आज एकाच वास्तूशी जोडलेली आहेत, आणि असे भाग्य फार थोड्या राजवाड्यांना लाभले असेल.

आता चिंतामणरावांच्या वाड्याकडे जाऊ. पटवर्धनांच्या घरात वाटणी होऊन आप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाकाठी सांगलीत त्यांनी बस्तान बसवले. खंदक खणून गणेशदुर्ग उभारला, नदीकाठी गणपतीचे मंदिर बांधवले. साताऱ्याचा राजा डोंगरावरून गावात उतरला. सांगलीच्या सरदाराने गावच आपल्या वाड्याभोवती वसवले. त्यामुळे सांगलीत वाडा आणि शहर ह्यांचे वय जवळजवळ एक आहे.

वेदोक्ताच्या वादात आप्पासाहेबांची बाजू आम्हांला मानवत नाही हे उघड आहे. पण ह्याच गृहस्थाने केलेल्या एका गोष्टीबद्दल मराठी माणूस त्यांचा कायमचा ऋणी आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ त्यांनी पाहिले आणि आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितले की असे काही मराठीत करा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' झाले, ते सांगलीच्या राजवाड्यात, दरबाराच्या जागी. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. म्हणजे सत्तेच्या भाषणांसाठी बांधलेल्या दिवाणखान्यात एका संध्याकाळी राक्षस आरोळ्या देत आले, आणि त्या दिवाणखान्याला नवा उपयोग सापडला.

पण प्रेक्षक कोण? दरबार. दार अजून उघडलेले नव्हते. ते उघडले एका संकटामुळे. १८५१ साली आप्पासाहेब वारले, वारस अल्पवयीन होता, कारभार हाती असलेल्यांना नाटकाचा खर्च नको होता. भाव्यांचा आश्रय तुटला. नटांचा पोशिंदा गेला, डोक्यावर देणे राहिले, आणि मंडळी गावोगाव निघाली. पुणे, मुंबई असे करीत १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी पैसे घेऊन खेळ केला. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत तो प्रेक्षक! मराठी नाटक वाड्यात जन्मले हे खरे. पण वाड्याबाहेर काढले गेले म्हणून ते जगले हेही तितकेच खरे. सांगलीकरांनी पहिल्या गोष्टीचा अभिमान धरावा, तसा दुसरीचाही विसर पडू देऊ नये.

८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा हा नवा जिल्हा केला, त्याचे ठाणे सांगली; १९६० साली त्याचे नावही सांगली झाले. नव्या जिल्ह्याला कलेक्टर कचेरी पाहिजे, न्यायालय पाहिजे, आणि इमारत कुठे आहे? राजवाड्यात! शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात जे इंग्रजांनी केले तेच स्वतंत्र भारताने सांगलीत केले, आणि कारण तेच: छप्पर तयार होते. सातबाराच्या उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, खटल्याच्या तारखेसाठी जत-आटपाडीपासून माणसे राजवाड्यात येऊ लागली. आवारात वस्तुसंग्रहालय आले. शिक्क्याचा आवाज, टाइपरायटरची टकटक, अर्ज लिहून देणाऱ्यांची पाले. राजाच्या वाड्याला इतकी वर्दळ राजाच्या काळी कधी पाहायला मिळाली नसेल. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि जिथे वाडे घराण्यांच्या हाती उरले होते तिथे शाकारणीचा प्रश्न ऐरणीवर आला. कचेऱ्या असलेल्या वाड्यांवर मात्र छप्पर राहिले.

आणि आता? साताऱ्याचे न्यायालय नव्या इमारतीत गेले. सांगलीच्या कचेऱ्या विजयनगरच्या बाजूला गेल्या. ह्यात कोणाचा दोष नाही. कज्जे वाढले, दफ्तर वाढले, मोटारी वाढल्या. लाकडी मजल्यावर किती कपाटे चढवायची ह्यालाही मर्यादा आहे. शिवाय सांगलीस कृष्णेचा धाक. २००५ साली पूर आला, २०१९ च्या ऑगस्टात जुन्या सांगलीचा मोठा भाग पाण्यात होता, २०२१ साली पुन्हा तेच. सरकारी कागद उंचावर गेलेले बरे. पण ह्यामुळे वाड्यांच्या आयुष्यात कधी नव्हती अशी अवस्था आली. आजवर ज्याच्या हाती दार होते त्याच्याच अंगावर छप्पर होते: राजाच्या, मग कंपनीच्या, मग खात्याच्या. आज दार सर्वांचे आहे, निदान सगळे तसे म्हणतात, आणि छप्पर कोणाचेच नाही. वाडा ही गावाची शान आहे असे ठराव होतात. ठरावाने कौल बदलत नाही.

ह्यावर पहिला उपाय प्रत्येक जण सुचवतो तो वस्तुसंग्रहालयाचा. ह्याबाबत औंधचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींना चित्रांचा आणि शिल्पांचा नाद. त्यांनी १९३८ च्या सुमारास संग्रहालय केले, पण ते आपल्या वाड्याच्या खोल्या रिकाम्या करून त्यांत मांडले नाही. यमाईच्या डोंगरावर त्यासाठी निराळी इमारत बांधली, आणि चित्रांवर उजेड कसा पडावा ह्याचा विचार करून बांधली. संग्रहालय म्हणजे उरलेल्या वाड्यात उरलेल्या तलवारी, असा त्यांचा हिशेब नव्हता. ज्याला संग्रहालय कळत होते त्या राजाने वाडा त्याला दिला नाही, हे विचार करण्यासारखे आहे. संग्रहालय करूच नये असे आम्ही म्हणत नाही. चार दालने अवश्य करा. शाळेचे ते दाखलपत्रक, भाव्यांच्या नाटकाची माहिती, संस्थानी दफ्तराचे नमुने लोकांना पाहू द्या. पण दहा वाजता कुलूप निघते आणि पाच वाजता लागते, मधे दिवसाकाठी दहा माणसे चपला काढून हिंडतात, एवढ्या वापराने तीन-तीन चौकांचा वाडा जगत नाही. ज्या खोलीत माणूस वावरत नाही तिथे गळती कोणाला दिसत नाही.

दुसरा उपाय हॉटेलाचा. राजस्थानात झाले, इथे का नाही, असे म्हणतात. छप्पर शाकारले जाईल हे खरे. पण दार? ज्या दारातून कुणबी आत गेला आणि ज्या दारातून भिवा आंबेडकर आत गेला, तिथे उद्या पहारेकरी खोलीचे भाडे विचारणार असेल तर आम्हांला ते छप्पर महाग वाटते. सिनेमावाल्यांना चार दिवस वाडा द्यावा, त्याला आमची हरकत नाही. मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा आणि तिथला घाट चित्रपटांत सर्वांनी पाहिला आहे. त्यातून येणारा पैसा मात्र त्याच वाड्याच्या कौलांवर खर्च व्हावा, एवढी अट घालावी.

आमच्या मते, ह्या वाड्यांना आजवर ज्यांनी जगवले ते रोज येणारे लोक होते. तेव्हा पुन्हा रोज येणारे लोकच शोधले पाहिजेत. शाळा शक्य तिथे राहू द्यावी, आणि वर्गांचे मजले धोक्याचे झाले असतील तर आधी मजले दुरुस्त करावेत, शाळा हलवून मजले पडू देऊ नयेत. ज्या मुलांना घरी अभ्यासाला जागा नाही त्यांच्यासाठी रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका, मोडी शिकवण्याचा वर्ग, जिल्ह्याचे जुने दफ्तर पाहण्याची खोली, सांगलीच्या दरबारात हौशी मंडळींच्या नाटकांच्या तालमी. असे दहा लहान बिऱ्हाडकरू एका मोठ्या बिऱ्हाडकरूपेक्षा बरे. त्यांत एक गेला तरी वाडा रिकामा पडत नाही. आणि प्रत्येकाच्या भाडेचिठ्ठीत शाकारणीचा वाटा स्वतंत्र लिहिलेला असावा. नगरपालिका, जिल्हा परिषद, बांधकाम खाते आणि पुरातत्त्व खाते ह्यांच्यापैकी वाडा कोणाकडे आहे हे ठरवण्यात पावसाळ्यामागून पावसाळे जातात. तेव्हा कोणत्या वर्षी कोणी शाकारणी केली आणि किती खर्च आला, हे वाड्याच्या दारावरच फळा लावून लिहावे. ज्या वर्षी केली नाही त्या वर्षापुढे जागा कोरी सोडावी.

हे काम करणारे कारागीर आता विरळ झाले आहेत, तेही सांगितले पाहिजे. जुन्या लाकडाचे कुजलेले टोक तेवढे कापून तिथे नवा सांधा बसवणारा सुतार, चुना मळून त्याची वेळ सांभाळणारा गवंडी, हे आज बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. त्यांच्या जागी जे येतात ते सिमेंट आणतात. सिमेंट ओल आत कोंडते आणि तुळईचे टोक दुप्पट वेगाने कुजते. साताऱ्यात आणि सांगलीत तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत. त्यांच्या दहा-दहा मुलांनी दर उन्हाळ्यात एका वाड्याचे एक छप्पर उघडून ते पुन्हा घालायला शिकावे. ह्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा त्यांना विकत घेऊन मिळणार नाही.

व्याख्यानमाला वसंतात भरते, ही आमच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. मृगाला अजून अवधी आहे आणि छपरावर चढायला हेच दिवस. सभेनंतर ज्यांना शक्य असेल त्यांनी जुन्या वाड्याला बाहेरून एक फेरी मारावी, आणि पश्चिमेच्या अंगाला कौले कुठे सरकली आहेत, भिंतीत पिंपळाची रोपे कुठे उगवली आहेत, ते पाहून लिहून ठेवावे. तशी यादी आमच्याकडे कोणी दिली तर नगरपालिकेच्या दारात ती घेऊन जायला आम्ही त्यांच्याबरोबर येऊ.